सिरियस म्हनू नोको, मामा

साकोलीच्या बसस्थानकासमोर, हायवेच्या कडेला माझा एसटीडीचा बूथ होता. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच सुमारास मी तो सुरू केला आणि घरोघरी मोबाइल आले तेव्हा बंद केला. आता त्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. बूथ म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. काचेची एक उभी पेटी, आत फोन, वर लाल आकडे पळवणारं मीटर आणि बाहेर लाकडी खुर्चीत मी.

माझ्या भाच्याविषयी त्याच्या गावात, एकोडीत, जे बोललं जातं ते खोटं आहे. तो बायकोला टाकून परदेशात पळाला, तिकडे दुसरं घर करून बसला, हे जे लोक इतकी वर्षं बोलत आले ते माझ्या एका वाक्यापासून सुरू झालं. म्हणून हे लिहितो आहे. आता लिहून कोणाचं काही परत येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

बाहेर जाणारे फोन मीटर पाहायचं. येणारे फोन मी पाहायचो. आसपासच्या खेड्यांत तेव्हा फोन थोडे. सुरतेला, हैदराबादेला, भिलाईला गेलेली माणसं माझ्या बूथवर फोन करून घरचा निरोप सांगायची आणि मी तो त्या गावाकडे जाणाऱ्या कोणाजवळही द्यायचो. कंडक्टर, शाळेचे मास्तर, बाजाराला आलेली बाई, जे भेटेल ते. लांबून बोलणाऱ्याला वेळ कमी असायचा. तो भडाभडा बोलायचा आणि मी त्यातलं टाकण्यासारखं टाकून, टोचणारं थोडं घासून पुढे द्यायचो. पोरगा म्हणाला, ‘बापाले सांगा, मी मेलो म्हनून समजा’, तर मी बापाला सांगायचो की पोरगा जरा नाराज आहे, राखीला येईल. आणि पोरगा राखीला यायचाच. त्यामुळे माझा स्वतःवर भरवसा बसला होता.

मरणाचा निरोप तर मी कधीच मरणाचा म्हणून दिला नाही. आमच्याकडे तो कोणीच तसा देत नाही. ‘सिरियस आहे, निघा’ एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्याला कळतं, पण कळल्याचं तो दाखवत नाही. पिशवी भरतो, बसमध्ये बसतो, वाटेत कोणी विचारलं तर म्हणतो, ‘बाबा सिरियस आहेत.’ गावात शिरल्यावर घरासमोर बसलेली माणसं दिसतात, मग तो रडतो. तेवढ्या वाटेपुरता बाप जिवंत राहतो. हे मला चांगलं वाटायचं. अजूनही वाटतं. माझ्यासारखं हळू आवाजात ‘सिरियस’ म्हणणारा साकोलीत दुसरा नव्हता.

थोरली बहीण एकोडीला दिलेली. तिला मी बाई म्हणतो. भाऊजींची धानाची शेती, घराजवळ पाण्याची बोडी, दोन म्हशी. त्यांना एक मुलगा, एक मुलगी. मुलगा, म्हणजे माझा भाचा, हायवेवर ट्रक चालवायचा. साकोलीतून जाताना बूथपुढे गाडी लावून मुद्दाम लांब भोंगा वाजवायचा, आणि मी उठून शिवी दिली की हसत पुढे जायचा. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा नागपूरच्या कोणा एजंटाने त्याला कुवेतला नोकरी लावून दिली. मोठी गाडी चालवायची, भाजीपाला, पाणी, डबे पोचवायचे.

शेजारच्या इराकमध्ये तेव्हा लढाई पेटलेली होती. बूथवर मी छोटा टीव्ही ठेवला होता. त्यावर हिरवट उजेडात गोळे पडताना दिसायचे आणि बसची वाट पाहणारी माणसं उभ्या उभ्या बघायची. भाऊजी एकदा बाजारातून आले, टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाले,

“का साळेभाऊ, अमेरिकेत लय लवकर दिवाळी आली या साली.”

“अमेरिकेत नाही भाऊजी, इराकात.”

“फटाके कोनाचे होय पन?”

“फटाके अमेरिकेचे.”

“मंग दिवाळी त्याचीच ना! वाजवनाऱ्याची दिवाळी रायते. ज्याच्या छतावर पडते त्याची काय रायते?” आणि स्वतःच मोठ्याने हसले. त्यांच्या घरावर तेव्हा कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती.

भाचा निघायच्या आधी बाईने मला विचारलं होतं, “तेथं लढाई नाही ना गा, भाऊ?”

मी म्हणालो, “लढाई शेजारच्या देशात हाय, बाई. कुवेतात नाही.”

ती म्हणाली, “शेजारच्या बांधीचा धुरा फुटला त पानी आपल्या बांधीत येत नाही का?”

मी तिची समजूत घातली. देशाची हद्द म्हणजे शेताचा धुरा नव्हे, तिथे पहारे असतात, असं काहीतरी बोललो. ती ऐकत होती. माझं बाहेरच्या जगातलं ज्ञान तिला मोठं वाटायचं, कारण माझ्याकडे फोन होता.

पहिले काही महिने बरे गेले. महिन्यातून एखाद्या रविवारी त्याचा फोन यायचा. वेळ आधी ठरलेली असायची, तेव्हा त्याची बायको एकोडीच्या बसने येऊन बाकावर बसून राहायची. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

“म्हैस व्याली,” ती सांगायची.

तो काहीतरी विचारायचा.

“पारडू झालं. तुमच्यासारखंच हाय, काळं अन् लाथाडं.”

मग तिकडून हसणं, इकडून हसणं आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसायचो.

पुढे फोन कमी झाले. रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांत एकदा आला तेव्हा मी एकटाच होतो. तो म्हणाला, “मामा, घरी सांगू नोको. आता बॉर्डरच्या पार जाऊन राहिलो.” कंपनीने पाण्याच्या बाटल्यांच्या गाड्या अमेरिकेच्या छावण्यांकडे लावल्या होत्या. दहा-वीस गाड्या एकामागून एक जायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. मी घरी सांगितलं नाही. निरोपातलं टोचणारं काढून टाकायचं ही माझी रीतच होती, आणि या वेळी तर त्यानेच सांगितलं होतं. ‘काम जास्त हाय म्हनून फोन कमी करते’ असं मी बाईला कळवलं.

दिवाळीच्या पाडव्याला त्याचा फोन आला. दुकानाची पूजा करून मी नुकताच बसलो होतो.

“मामा, आइक. कार्ड संपून राहिलं.”

“बोल बेटा. दिवाळी केली का?”

“माह्यासमोरची गाडी जळली. डायव्हर आंध्राचा होता, माह्या बाजूच्या खाटेवर झोपे. आता परवा मले समोर लावून राहिले. मी गेलो त येत नाही, मामा.”

“नाही म्हनून पाय ना.”

“सगळं करून पायलं. एकच रस्ता हाय. घरून फोन आला का याची माय मेली, त सोडतेत. एका बिहारवाल्याले तसंच सोडलं. तू फोन लाव. नंबर घे.” त्याने नंबर सांगितला, मी पुन्हा म्हणून दाखवला. “हिंदीत सांग. म्हन, याची माय मेली, क्रियाकर्माले पाठवा.”

मी लिहिलेल्या नंबरावर पुन्हा पेन फिरवत राहिलो.

“आइकलं का?”

“तुही माय माही बहीन होय रे.”

“म्हनून त तुले सांगून राहिलो. बाबाले हिंदी जमत नाही. अन् मायले विचारू नोको, ते हो म्हनन अन् रडत बसन.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “अन् सिरियस म्हनू नोको, मामा. तुही सवय मले माहीत हाय. सिरियसले इथं कोनी सोडत नाही. मेली म्हन.”

“म्हनतो.”

“आजच म्हन.”

फोन कटला.

त्या दिवशी मी फोन लावला नाही. पाडव्याचा सण, घरात गोडधोड, पोरं फटाके उडवत होती. अशा दिवशी सख्ख्या बहिणीच्या मरणाची खबर तोंडाने काढायची, हे होईना. उद्या लावू, परवा म्हणजे अजून वेळ आहे, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळच्या बसने एकोडीला गेलो. नंबर सदऱ्याच्या खिशात होता. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अर्धा राहील. आमच्या भागात भाऊबिजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. पाहुणे येतात, दंडारीचा खेळ होतो आणि सोयरिकीची बोलणीही त्याच दिवसांत पुढे सरकतात. भाचीसाठी मी सानगडीचं स्थळ आणलं होतं. एकोडीच्या मंडईला मुलाकडची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती. एजंटाने सानगडीचीही पोरं कुवेतला पाठवली होती. इथली बाई मेल्याची बातमी कुवेतहून फिरून सानगडीला पोचली असती, सुतकाच्या घरी कोण येतं? आणि ती खोटी निघाली असती, तर आईला मारून पोराला सोडवणारं घर, असं नाव झालं असतं. हे सगळं मी बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःला सांगत गेलो.

बाईने पाट मांडला होता. तिने मला ओवाळलं आणि दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, “माह्या वाटचं आयुष्य तुले लागो, भाऊ.” दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. तिला एक दात नव्हता, हसताना ती ओठ दाबून घ्यायची. मी वाकून नमस्कार केला.

“त्याचा फोन आलता का?”

“आलता काल.”

“काय म्हने?”

दारात त्याची बायको करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. तीही थांबली.

“खुशाल हाय म्हने.”

हे ते वाक्य. यानंतर एकोडीत त्याच्याविषयी जे जे बोललं गेलं, त्याला हाच पाया.

दुपारी साकोलीला परतलो, बूथ उघडला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. एरवी मी काचेच्या आत कधी बसत नसे. नंबर लागला. तिकडे हिंदी बोलणारा कोणी होता, बहुतेक दक्षिणेकडचा. मी भाच्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“हाँ, बोलो. क्या हुआ?”

“उसकी माँ...” मी म्हणालो. कपाळाला अजून बाईने लावलेलं कुंकू आणि तांदूळ चिकटलेले होते, ते काचेत दिसत होते. “उसकी माँ सीरियस है।”

“बहुत सीरियस?”

“हाँ, बहुत।”

“तो चाचा, दवा कराओ। यहाँ तो सबकी माँ सीरियस है। सबको छोड़ेंगे तो गाड़ी कौन चलाएगा?” तो हसला, पण वाईट हसला नाही. मग म्हणाला, “कुछ हो जाए तो फोन करना।”

आणि तो थांबला. लगेच ठेवला नाही. आता वाटतं, त्याने मला जागा करून दिली होती. त्याला रोज असे फोन येत असतील, काय ऐकायचं आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. मी ‘जी, अच्छा’ म्हणालो आणि फोन ठेवला. वर लाल आकडे थांबले.

दुसऱ्या दिवशी एकोडीची मंडई झाली. दुकानं लागली, पाळणा आला, मैदानात दंडारीचा ढोल वाजला. सानगडीकरांना मुलगी पसंत पडली, भाऊजींनी मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “माहा साळा म्हनजे घराचा खांब होय!” मी मटणाच्या रश्श्यात भाकर कुस्करून खात होतो.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर लावला. या वेळी ठरवून गेलो होतो. पण मी बोलायच्या आतच तिकडच्याने नाव ऐकून सांगितलं, “वो तो गाड़ी लेके गया।” शब्द तोंडातच राहिला.

दिवाळीनंतर धान कापून चुरणं, म्हणजे मळणी सुरू झाली त्या दिवसांत एक अनोळखी फोन आला. भाच्याबरोबर गाडी चालवणारा होता, उत्तरेकडचा. भाच्याने त्याला बूथचा नंबर देऊन ठेवला होता. तो म्हणाला, “चाचा, गाड़ी जल गई। आगे की तीन गाड़ियाँ। हम पीछे थे। कुछ नहीं बचा।” मी विचारलं, नक्की तोच होता का? तो म्हणाला, गाडीवर चढताना मी पाहिलं. मग म्हणाला, “ऑफिस में बताया था कि माँ सीरियस है, चाचा का फोन आया था। उसके बाद वो किसी से बोला नहीं।”

का बोलला नाही? मामाने कच खाल्ली हे त्याला कळलं म्हणून? की ‘सिरियस’ ऐकून, आमच्याकडचा माणूस जे समजतो तेच तो समजला आणि आई खरंच गेली असं धरून त्या रस्त्याने गेला? मी पुढे त्या माणसाला शोधायचा प्रयत्न केला नाही. विचारायची भीती वाटली.

आणि हे मी कोणाला सांगितलं नाही.

कारणं होती. उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं. प्रेत नाही, कागद नाही, एका परक्याच्या तोंडच्या बोलण्यावर सुतक कसं धरायचं? लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं. तोवर कंपनीने एजंटाला कळवलं होतं की माणूस गाडी सोडून पळाला. पळाला म्हटलं की त्यांच्यावर काही येत नसावं. भाऊजी नागपूरला जाऊन आले, एजंटाच्या दाराला कुलूप. भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीतल्या साहेबांना भेटले. साहेब चांगला होता, त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, तिथे गेलाच होता याचा कागद आणा. भाच्याच्या नावावर कुवेत होतं, इराक कुठेच नव्हतं. ज्या लढाईत तो मेला, तिथे तो कागदावर कधी पोचलाच नव्हता.

मग लोकांनी बाकीचं भरून काढलं. कोणी म्हणालं, दुबईत पाहिला. कोणी म्हणालं, तिकडच्या नर्सशी लग्न केलं. सगळ्यांचं बोलणं शेवटी एका जागी यायचं, “मामानंच त सांगितलं, खुशाल होता म्हने.” संकटात असता तर फोनवर बोलला असता ना. मी हे ऐकत बसायचो. खरं सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं.

त्याच्या बायकोला बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या. नवरा जिवंत, म्हणून बोलवावंच लागायचं. “ये वो बाई, तुहा त साहेब हाय तिकडं,” म्हणायच्या आणि एकमेकींकडे पाहायच्या. ती जायची, ओटी घ्यायची, परत यायची. रोवण्याला गेली की चिखलात तिच्याशेजारची जागा रिकामी राहायची.

काही वर्षांनी तिचा भाऊ आला. त्याने तिच्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं, बायको वारलेला, कारखान्यात नोकरी. पडवीत आम्ही बसलो होतो, ती आत होती. भाऊ नीट बोलणारा होता. तो म्हणाला, “दाजी जिता असन त आमचं काही म्हननं नाही. पन काही कमी-जास्त झालं असन त पोरीचं आयुष्य काहून जाळायचं? मामाजी, तुम्हीच शेवटचं बोलले. सांगा तुम्ही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, “माह्यासंगं बोलला तवा त खुशाल होता.”

भावाने चहा संपवला, कप उलटा ठेवला आणि निघाला. आत भांडी पुन्हा वाजू लागली. या एका गोष्टीसाठी मला क्षमा नाही. फोनच्या वेळी मी घाबरलो होतो. पडवीत घाबरलो नव्हतो, तिथे मी विचार करून बोललो.

भाऊजी गेले ते मुलाला शिव्या देत गेले. शेवटच्या आजारात म्हणायचे, “हरामखोर निंगाला. बापाच्या मातीले येत नाही.” मी उशाशी बसलेला असायचो.

मागच्या हिवाळ्यात भाचीचा मोबाइलवर फोन आला. “मामा, आई सिरियस हाय. निंगा.”

मी हळू आवाजात तो शब्द इतक्या लोकांना दिला होता, मला कोणी दिला नव्हता. मी समजलो. एकोडीची बस धरली. बसमध्ये पोरं मोबाइलवर कुठली तरी लढाई पाहत होती, उंच इमारत खाली बसताना पुन्हा पुन्हा लावत होती. बाजूच्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बहीन सिरियस हाय.” आणि मनात तिच्याशी बोलत गेलो. सगळं सांगितलं, अगदी पडवीतलंही. मेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं.

घरासमोर कोणी बसलेलं नव्हतं. बाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. श्वास लागत होता, पण डोळे जागेवर होते. “आला का गा, भाऊ?” म्हणाली. भाचीने खरोखरच जे होतं तेच सांगितलं होतं.

मग मी सांगितलं. भाची तेव्हा औषध आणायला गेली होती. बाजूला सून सुपात तांदूळ निवडत बसली होती, ती ऐकत होती. मी पाडव्याच्या फोनपासून सुरू केलं आणि काही घासलं नाही, काही टाकलं नाही.

बाईने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, “मले मेली म्हनला असता, त मी काय मेली असती?”

मी तिची सरकलेली गोधडी नीट केली.

“तुह्या तोंडानं मी मेली असती का, सांग ना. इथंच त होती. चुलीजवळ.”

ती तोंड भिंतीकडे करून झोपली.

सुनेचा हात सुपात थांबला होता. चाळिशी उलटलेली, केस पांढरे, कपाळाला पूर्वीइतकंच मोठं कुंकू. ती मला रागाने काही बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, “मामाजी, गाडीत पान्याच्या बाटल्या होत्या म्हनता ना?”

“हो.”

“पूर्न गाडी पान्याची?”

“हो.”

“मंग जळली कशी?”

एवढंच. ती खरंच विचारत होती, उत्तराची वाट पाहत होती. मग तिने सूप पाखडलं आणि आत गेली. तिने कुंकू पुसलं नाही. पुसायलाही कागद लागतो, तो मी काही आणून देऊ शकत नव्हतो. तिच्यासाठी स्थळ आणणारा भाऊही आता राहिला नाही.

बाईने दोन दिवस माझ्या हातून पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “गावात सांग. पोरगा पळाला नाही म्हनून सांग.”

मी गेलो. देवळासमोरच्या पारावर माणसं बसली होती, बरीचशी भाचा गेल्यानंतर जन्मलेली. सांगितलं. एकाने नम्रपणे ऐकून घेतलं. एकाने विचारलं, “कोन? तो दुबईवाला का?” दुसरा म्हणाला, “जाऊ द्या आबाजी, आता काय करता? झालं ते झालं.” मी निघताना मागून हळू आवाजात ऐकू आलं, “बहिनीच्या आजारानं डोकं हाललं बुढ्याचं.” त्याच्या नावाची बदनामी करणारे मेले होते, आणि बदनामी त्यांच्या नातवंडांना पाठ झाली होती. माझं खरं त्यात कुठे बसेना.

बाई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. सकाळी गेली. भाची रडत होती, सून पाणी तापवत होती. पाहुण्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते काम नेहमी माझंच असतं. भाचीचा मुलगा जवळ येऊन म्हणाला, “आबा, सिरियस म्हना फक्त. सानगडीची आत्याआजी हार्टची पेशंट हाय.”

मी अंगणात उभा राहून एकेक नंबर लावला.

“माही बहीन मेली,” मी म्हणालो.

सानगडीला म्हणालो, भंडाऱ्याला म्हणालो, नागपूरला म्हणालो. लोक गडबडले, कोणी फोनवरच ओरडून रडलं, एकाने मागाहून भाचीला विचारलं की बुढ्याला असं कसं बोलवतं. शब्द सहज निघत होता. जीभ कुठेच अडली नाही.